घरी बसून नवं काय बघायचं, हे कसं ठरवता? (पद्धत लिहा, नुसती नावं नकोत)

जुळे_सोलापूरकर | शनिवार, रात्री १०:४०

रिमोट हातात आला की पहिला अर्धा तास पोस्टरं सरकवण्यात जातो. तोवर जेवणं होतात, कुणीतरी पेंगायला लागतं आणि शेवटी जुनंच काहीतरी लागतं. 'हे बघाच' म्हणणारे धागे इथं भरपूर आहेत, पण दोन महिन्यांत ती नावं शिळी होतात. मला हवी आहे निवडीची पद्धत.

आपल्या सोलापुरातल्या घरांची एक खास अडचण आहे. एकाच घरात मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषा चालतात. आजीला सबटायटल वाचता येत नाहीत, शाळकरी पोरं समोर बसलेली असतात आणि टीव्ही एकच. अशा घरानं नवा सिनेमा किंवा मालिका कशी निवडायची? रेटिंग कितपत धरायचं? किती ठिकाणची वर्गणी भरायची? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

शेंगाचटणी | शनिवार, रात्री १०:५२

आधी ठरवायचं, मग टीव्ही लावायचा. टीव्ही लावून ठरवायला बसलं की रात्र गेलीच म्हणून समजा.

---

भुईकोट | शनिवार, रात्री ११:२०

शेंगाचटणी यांनी एका ओळीत सांगितलं ते शंभर टक्के खरं. त्याची कृती लिहितो.

निवड फोनवर करायची, तीही दुपारी किंवा आदल्या दिवशी. फोनवर 'जस्टवॉच' (कोणता सिनेमा कुठल्या प्लॅटफॉर्मवर आहे ते सांगणारं अॅप) उघडा, देश भारत ठेवा, आपल्याकडे ज्यांची वर्गणी आहे तेवढेच प्लॅटफॉर्म निवडा आणि 'नवीन' हा विभाग बघा. कोणत्या दिवशी कुठं काय आलं ते तारखेनुसार दिसतं. भाडं भरून बघायचं आणि वर्गणीत येणारं वेगवेगळं दाखवतात, त्यामुळं ऐन वेळी '१४९ रुपये भरा' अशी पाटी समोर येत नाही. प्राइम व्हिडिओवर पोस्टरवर पिवळी पिशवी दिसली तर ते वर्गणीत नाही. भाड्यानं घेतलं तर सुरू करायला ३० दिवस मिळतात, पण एकदा सुरू केलं की ४८ तासांत संपवावं लागतं. म्हणून भाड्याचा सिनेमा रविवारी रात्री अर्धवट सोडू नका, सोमवार-मंगळवारी वेळ मिळाला नाही तर पैसे वाया.

आता यादीबद्दल. 'माय लिस्ट' किंवा 'वॉचलिस्ट'मध्ये पन्नास नावं साठवली की ती यादीसुद्धा पोस्टरांचा ढीगच होते. सातपेक्षा जास्त नावं ठेवू नका. आठवं घालायचं तर आधी एक काढा. काढताना आपोआप विचार होतो की हे खरंच बघायचं आहे का.

आणि प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करा. हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित काम आहे. एकाच प्रोफाइलवर पोरांची कार्टून, आजीच्या मालिका आणि तुमचे गुन्हेगारीपट चालले की शिफारशी कुणाच्याच कामाच्या राहत नाहीत. आधीच खिचडी झाली असेल तर नेटफ्लिक्सच्या वेबसाइटवर त्या प्रोफाइलची 'व्ह्यूइंग अॅक्टिव्हिटी' उघडून नको ती नावं लपवा. साधारण २४ तासांत त्यांचा शिफारशींवरचा परिणाम जातो. तिथंच प्लेबॅक सेटिंगमध्ये 'ऑटोप्ले प्रीव्ह्यू'ची खूण काढली की पोस्टरवर थांबल्याबरोबर झलक ओरडायला लागते ते बंद होतं. शांततेत वाचून निवडता येतं.

---

अण्णा_पूर्वभाग | रविवार, सकाळी ७:१५

जुळे_सोलापूरकर, तीन भाषांच्या घराबद्दल मी सांगतो.

पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजाच्या घरांत हा रोजचा प्रश्न आहे. तेलुगू सिनेमा थिएटरला लागला की साधारण चार आठवड्यांनी घरी येतो. हिंदी आवाजातली प्रत मात्र पुष्कळदा त्या दिवशी नसते. कारण असं, की मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी सिनेमासाठी आठ आठवड्यांचं अंतर मागतात, ते नसेल तर पडदा देत नाहीत. शिवाय हिंदी आवृत्तीचे हक्क बऱ्याच वेळा दुसऱ्याच प्लॅटफॉर्मला विकलेले असतात. म्हणून 'आला' अशी बातमी वाचून टीव्ही लावता तेव्हा तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम असे चार आवाज सापडतात आणि हिंदी नसतोच. घरात सून मराठी, सासू तेलुगू असेल तर हिंदी येईपर्यंत थांबायचं की तेलुगूच लावून सुनेनं सबटायटल वाचायचे, हे आधी ठरवा. माझं मत थांबू नका, मूळ आवाजच लावा. आजी स्वतः अर्थ सांगते, तिला त्यात फार आनंद असतो ओ.

एक बारीक गोष्ट. सिनेमाच्या पानावर खाली 'ऑडिओ' आणि 'सबटायटल' अशी यादी असते. सुरू करायच्या आधी ती बघायची सवय लावा. तिथं तेलुगूपुढं 'ओरिजिनल' लिहिलेलं असलं तर मूळ आवाज तोच. पॅन-इंडिया म्हणून गाजावाजा झालेल्या सिनेमात हे विशेष बघावं, नाहीतर तेलुगू सिनेमा हिंदी आवाजात सुरू होतो आणि 'ओठ जुळत नाहीत' म्हणून सगळे उठून जातात.

तेलुगूसाठी 'आहा' आणि 'ईटीव्ही विन' आहेत. 'सन नेक्स्ट'वर तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम एकत्र मिळतं. घरात तेलुगू आणि कन्नड दोन्ही असेल तर आधी सन नेक्स्ट चाळून बघा.

---

होटगीरोडची | रविवार, सकाळी ९:०२

अण्णा, कन्नडसाठी एक पुरवणी. घरात दोन भाषा असतील तर पुनर्निर्मिती शोधा. 'सैराट' आपल्या करमाळ्याकडच्या मातीतला, २०१६ चा. त्याची कन्नड आवृत्ती 'मनसु मल्लिगे' २०१७ ला आली आणि नायिका तीच, रिंकू राजगुरू. कन्नड आजी आणि मराठी नातवंडं यांना एकाच गोष्टीवर बोलता येतं. मूळ आधी बघायचं, पुनर्निर्मिती नंतर. उलटं केलं की मूळ सिनेमाची धार बोथट वाटते.

---

सातरस्ता | रविवार, सकाळी १०:३०

इतकी चिरफाड कशाला? आयएमडीबीवर (प्रेक्षक दहापैकी गुण देतात ती वेबसाइट) साडेसातच्या वर असलं की लावायचं, नसलं की नाही. दहा सेकंदांचं काम.

---

माग_आणि_धागा | रविवार, सकाळी ११:४८

@सातरस्ता, याला माझा ठाम विरोध आहे. तो एक आकडा घेऊन निवड करणं म्हणजे चादरीचा रंग बघून वीण ठरवणं.

आयएमडीबीचा आकडा म्हणजे साधी सरासरी नसते, ती भारित असते, म्हणजे सगळ्या मतांना सारखं वजन नसतं. तरीही पहिल्या तीन-चार दिवसांत मत देणारे बहुतेक चाहते असतात किंवा विरोधक. त्या आकड्यावर बोट ठेवलं की आतला आलेख उघडतो, कुणी १० दिले, कुणी १ दिला ते दिसतं. दोन्ही टोकांना उंच खांब आणि मधे खड्डा असेल तर ती मतं सिनेमाबद्दल नाहीत, भांडणाबद्दल आहेत. खांब ६, ७, ८ वर जमले असतील तर लोकांनी खरोखर बघून मत दिलंय. मग सरासरी ६.८ असली तरी बिनधास्त लावा.

दुसरं म्हणजे मतांची संख्या. मराठी सिनेमाला कित्येकदा काही शेच मतं असतात. तिथं ८.९ आणि ७.१ यात फरक करण्यात अर्थ नाही, चित्रपटाच्या चमूतल्या आणि नात्यातल्या लोकांनीच आकडा वर नेलेला असू शकतो. लाखभर मतांवरचा ७.१ आणि दोनशे मतांवरचा ८.९ यांना एका तराजूत घालू नका.

मालिकेला तर संपूर्ण मालिकेचा आकडा बघूच नका. भागवार आकडे उघडा. पहिला भाग ८.५, चौथा ७.२, शेवटचा ५.९ अशी उतरण दिसली की समजायचं, गोष्ट सुरू छान केली आणि गुंडाळता आली नाही. याउलट पहिले दोन ७.३ आणि मग चढत गेले तर थोडा धीर धरायचा. फक्त भागांची नावं वाचू नका, त्यातूनच कुणी मेल्याचं कळतं.

---

सातरस्ता | रविवार, दुपारी १२:१०

आलेखाचं माहीत नव्हतं. आत्ता चार सिनेमांचा उघडून बघितला. दोन यादीतून काढले. मान्य.

---

चिमणी_दिवा | रविवार, दुपारी २:३५

मराठीसाठी रेटिंगपेक्षा पुरस्कारांची यादी फार उपयोगी पडते, आणि ती कुणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दरवर्षी 'सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट' असा स्वतंत्र पुरस्कार असतो. ही सलग चार वर्षं बघा: ६८ व्या वेळी 'गोष्ट एका पैठणीची', ६९ व्या वेळी 'एकदा काय झालं', ७० व्या वेळी 'वाळवी', ७१ व्या वेळी 'श्यामची आई'. चारही एकमेकांपासून किती वेगळे आहेत! एक घरगुती, एक बाप-लेकाचा, एक काळ्या विनोदाचा थरारपट, एक कृष्णधवल चरित्रपट. एवढ्या चारच नावांत घरातल्या प्रत्येकासाठी काहीतरी निघतं.

पण इथं एक गफलत होते. पुरस्काराचं वर्ष सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरून धरतात, प्रदर्शनावरून नाही. 'गोष्ट एका पैठणीची' २०२० चा म्हणून धरला गेला, पुरस्कार जुलै २०२२ मध्ये जाहीर झाला आणि थिएटरला लागला डिसेंबर २०२२ मध्ये. म्हणजे पुरस्काराची बातमी वाचून लगेच शोधलं तर सिनेमा कुठंच सापडत नाही आणि लोक नाव विसरून जातात. असं नाव भुईकोट यांच्या सातच्या यादीत घालू नका, वेगळ्या कागदावर लिहून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी जस्टवॉचवर तपासा.

दुसरी गफलत नावाची. 'श्यामची आई' शोधलं की दोन येतात. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा, ज्याला १९५४ साली पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळालं, आणि सुजय डहाके यांचा २०२३ चा. दोन्ही कृष्णधवल असल्यामुळं पोस्टरवरून फसगत होते. साल बघून लावा. खरं तर दोन्ही बघा, एक शनिवारी, एक रविवारी.

पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे 'पिफ'मध्ये, उत्कृष्ट मराठी चित्रपटाला 'संत तुकाराम' पुरस्कार देतात. त्या स्पर्धेत निवडलेल्या सगळ्या मराठी चित्रपटांची नावं उतरवून घ्या, नुसता विजेता नको. त्यांतले बरेच आपल्या गावात थिएटरला लागतच नाहीत, लागले तरी एका आठवड्यात दुपारच्या एका खेळावर येतात. घरी बघणं हाच त्यांच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता असतो.

---

कडकभाकरी | रविवार, दुपारी ३:०५

मराठी सिनेमा जवळ लागला असेल तर पहिल्या आठवड्यात थिएटरलाच बघा की. सगळ्यांनीच घरी येण्याची वाट बघितली तर तो एक खेळसुद्धा राहणार नाही.

---

चिमणी_दिवा | रविवार, दुपारी ३:२०

@कडकभाकरी, अगदी मनापासून सहमत. वरचं सगळं न लागणाऱ्या आणि हुकलेल्या सिनेमांसाठी.

---

हिप्परगा | रविवार, सायंकाळी ५:४०

मुलं समोर बसतात तिथं वयाची खूण आधी बघा, बाकी सगळं नंतर.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवर पाच वर्ग आहेत: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. थिएटरसाठी सेन्सॉर बोर्डानंही २०२४ पासून यूए चे असेच तीन भाग केले. फरक असा की थिएटरचा सिनेमा बोर्ड तपासतं आणि ओटीटीची मालिका प्लॅटफॉर्म स्वतःच वर्गात घालतो. म्हणून एका ठिकाणचं १३+ आणि दुसऱ्या ठिकाणचं १३+ यात तफावत पडू शकते. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, त्याच्या शेजारी जे शब्द असतात ते वाचा: हिंसा, शिव्या, मद्यपान, लैंगिक दृश्यं. सुरुवातीला डाव्या कोपऱ्यात चार-पाच सेकंद झळकतात आणि सिनेमाच्या पानावरही असतात. दहा वर्षांच्या मुलासमोर 'शिव्या' चालतील का आणि 'आत्महत्या' चालेल का, ही दोन वेगळी उत्तरं आहेत.

आयएमडीबीवर 'पेरेंट्स गाइड' नावाचा भाग असतो. त्यात कोणत्या प्रकारचं दृश्य किती तीव्र आहे ते वाचकांनी लिहिलेलं असतं. दोन मिनिटांत वाचून होतं. 'चला पटकन पुढं ढकला' म्हणत रिमोट शोधण्याची वेळ येत नाही.

सेटिंग म्हणाल तर नेटफ्लिक्समध्ये प्रत्येक प्रोफाइलला वयमर्यादा ठरवता येते, एखादं नाव पूर्ण बंद करता येतं आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला चार आकड्यांचं कुलूप घालता येतं. कुलूप घालायला विसरलं तर बाकीचं सगळं व्यर्थ, कारण मूल सरळ वडिलांच्या प्रोफाइलवर जातं. आणि तो आकडा जन्मसाल ठेवू नका, पोरांना तो पहिल्या झटक्यात सापडतो.

---

वायरमन | रविवार, रात्री ८:१५

निवड उत्तम झाली आणि चित्र धुरकट आलं तर दोष सिनेमाला मिळतो. म्हणून हेही लिहितो.

कोणत्या दर्जाच्या चित्राला इंटरनेटचा किती वेग लागतो, याचे नेटफ्लिक्स स्वतः जे आकडे देतं ते असे: ७२० पी साठी ३ एमबीपीएस, १०८० पी साठी ५, फोर-के साठी १५. म्हणजे ४० चं कनेक्शन पुरून उरतं. तरीही चाक फिरत असेल तर अडचण बहुतेक घराच्या आतच असते. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. त्यांतून ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय पलीकडं पोचत नाही. २.४ पोचतं, पण शेजारच्या दहा राउटरांच्या गर्दीत हळू होतं. उपाय एकच, राउटर ते टीव्ही लॅनची तार टाका. टीव्हीचं लॅन पोर्ट सहसा १०० एमबीपीएसचंच असतं, त्याची काळजी नको, फोर-केलासुद्धा ते पुरतं.

मोबाइल डेटावर बघणाऱ्यांसाठी हिशेब. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत, फोर-केला ७ जीबीपर्यंत जातात. मध्यम दर्जाला साधारण ०.७ जीबी. रोज २ जीबीचा पॅक असेल तर दोन तासांचा सिनेमा मध्यमवर बसतो, एचडीवर मध्यंतराच्या आधीच संपतो. घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवणं सगळ्यात स्वस्त. मात्र डाउनलोडलाही मुदत असते, काही सिनेमे प्ले केल्यापासून ४८ तासांतच जातात. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री डाउनलोड करा, आठवडाभर आधी नको.

आता फसवणुकीचा भाग. बाजारात 'फोर-के सपोर्ट' लिहिलेले स्वस्त प्रोजेक्टर आणि बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स मिळतात. 'सपोर्ट' म्हणजे फोर-के चित्र आत घेतो, दाखवतो ७२० किंवा ४८० मध्येच. खोक्यावर 'नेटिव्ह रिझोल्यूशन' किती आहे ते वाचा. आणि वाइडवाइन, म्हणजे सिनेमाची चोरी रोखणारं डिजिटल कुलूप, एल-१ पातळीचं आहे का ते बघा. 'डीआरएम इन्फो' नावाचं मोफत अॅप टाकलं की 'सिक्युरिटी लेव्हल' एल-१ की एल-३ ते कळतं. एल-३ असलं की बहुतेक सशुल्क प्लॅटफॉर्म ४८० च्या वर जाऊ देत नाहीत, इंटरनेट कितीही वेगवान असो. फोनचा बूटलोडर (फोन सुरू करणारी मूळ प्रणाली) उघडला तरी बहुतेक वेळा एल-१ चा एल-३ होतो.

---

शेंगाचटणी | रविवार, रात्री ८:३३

वायरमनदादा, उन्हाळ्यात संध्याकाळी वीज गेली की काय? ऐन शेवटच्या भागात जाते बे!

---

वायरमन | रविवार, रात्री ९:१०

टीव्ही घरच्या इन्व्हर्टरवर चालतो, पण राउटर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. त्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अॅडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपियर वाचा. बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात, काहींना ९. चुकीचा लावला तर राउटर जळतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, म्हणून दोन तोंडांचा घ्या.

किती वेळ चालेल? ८८०० एमएएच लिहिलं असेल तर गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. राउटर आणि डबा मिळून १२ वॉट घेत असतील तर नुकसान वजा जाता दोन तास धरा. एक सिनेमा निघतो.

आणि उष्णता. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा टीव्हीच्या मागं चिकटलेली स्ट्रीमिंगची स्टिक तापून अडखळायला लागते. तिच्यासोबत येणारी एचडीएमआयची छोटी तार फेकू नका, ती लावून स्टिक टीव्हीपासून लांब लटकवा. राउटर पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका.

---

होटगीरोडची | रविवार, रात्री ९:४५

संवाद ऐकू येत नाहीत आणि गाणं लागलं की कानठळ्या बसतात, याचं काय करायचं?

---

वायरमन | रविवार, रात्री १०:०५

ऑडिओच्या यादीत एकाच भाषेचे दोन पर्याय असतात, एक साधा आणि एक '५.१' लिहिलेला. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, त्यामुळं ते दबतात. साधा निवडा. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' सारखं काही असेल तर तेही चालू करा.

जाता जाता: सिनेमा टीव्हीवरच्या दैनंदिन मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर 'मोशन स्मूदिंग' बंद करा. एलजीत त्याला 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो', काही टीव्हींत 'एमईएमसी' म्हणतात. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो निवडला की हे आपोआप बंद होतं.

---

माग_आणि_धागा | सोमवार, दुपारी १:२०

वर्गणीबद्दल कुणीच लिहिलं नाही. सगळे प्लॅटफॉर्म बारा महिने चालू ठेवायची काहीच गरज नाही. एक कायम ठेवा, दुसरा महिन्या-महिन्यानं बदलत राहा. मालिकेचे सगळे भाग येईपर्यंत थांबा, मग एक महिना भरून पूर्ण बघा. दर आठवड्याला एक भाग येणारी मालिका पहिल्या दिवसापासून बघायला घेतली की एका मालिकेसाठी दोन-तीन महिन्यांचे पैसे जातात.

महिन्याची वर्गणी भरली की त्याच दिवशी ऑटोपे रद्द करा. पुढचे ३० दिवस तरीही बघता येतं. यूपीआयवरून भरलं असेल तर त्याच यूपीआय अॅपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' विभागात रद्द करता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, पण १५,००० रुपयांपर्यंतच्या कापणीला ओटीपी लागत नाही. सूचना वाचली नाही की पैसे गेले.

स्वस्त प्लॅन घेताना: नेटफ्लिक्सचा १४९ चा प्लॅन फक्त फोन आणि टॅबवर चालतो, टीव्हीवर टाकताही येत नाही. टीव्हीसाठी किमान १९९ चा लागतो आणि त्यात ७२० पी मिळतं. ३२ इंची टीव्हीला ते पुरेसं आहे, उगाच ६४९ चा घेऊ नका. प्राइमवर जून २०२५ पासून जाहिराती लागतात, त्या नको असतील तर वर्षाला ६९९ वेगळे. लांबलचक मालिका बघणाऱ्याला ते परवडतात, महिन्यातून दोन सिनेमे बघणाऱ्याला नाही.

---

कडकभाकरी | सोमवार, दुपारी १:४५

टेलिग्रामवर सगळं फुकट मिळतं म्हणणारा एक तरी येईल म्हणून आधीच लिहिते. २०२३ च्या सुधारित सिनेमॅटोग्राफ कायद्यात चोरून चित्रीकरण आणि प्रसारण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड आहे. आणि असं फुकट दाखवणारी बाहेरची अॅप फोनमध्ये एसएमएस वाचायची परवानगी मागतात. बँकेचा ओटीपी तिथंच येतो.

फुकट आणि रीतसर हवं असेल तर प्रसार भारतीचं 'वेव्ह्‌ज' आहे, नोव्हेंबर २०२४ पासून. दूरदर्शनचं जुनं पुष्कळ तिथं आहे. आजी-आजोबांसाठी उत्तम.

---

अण्णा_पूर्वभाग | सोमवार, सायंकाळी ७:३०

गप्पा राउटरवर आणि बँकेवर गेल्या. जुळे_सोलापूरकरांचा प्रश्न आजी, पोरं आणि एक टीव्ही असा होता.

सगळ्यांना सगळं आवडेल असा सिनेमा शोधत बसलं की कुणालाच न आवडणारा सापडतो. त्यापेक्षा वार वाटा. शुक्रवारी आजीनं निवडायचं, शनिवारी पोरांनी, रविवारी मोठ्यांनी. ज्याचा वार त्यानं दुपारी चारच्या आत कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन नावं टाकायची, बाकीच्यांनी एक खोडायचं, उरलेल्या दोनांतलं त्यानं घ्यायचं. नाव टाकताना चार गोष्टी सोबत लिहायच्या: किती मिनिटं, मूळ भाषा आणि दुसरा आवाज कोणता, वयाची खूण, कुठं आहे. एवढं लिहिताना बिनकामाची नावं आपसूक गळतात.

वेळेचं गणितही तेव्हाच करा. जेवण साडेआठला आणि पोरांची शाळा सकाळी सातला असेल तर १६५ मिनिटांचा तेलुगू सिनेमा शुक्रवारी एका बैठकीत होत नाही. तो मध्यंतरापाशी थांबवायचा. आपल्या सिनेमांत 'इंटरव्हल'ची पाटी बहुतेक वेळा असते, साधारण ७५ ते ९० मिनिटांना. तिथं गोष्ट लेखकानंच तोडलेली असते, दुसऱ्या दिवशी जोडणं सोपं जातं.

---

भुईकोट | सोमवार, रात्री ८:०५

अण्णांची खोडण्याची पद्धत फार आवडली. मालिकेसाठी एक जोड: सुरू करण्यापूर्वी भाग गुणिले मिनिटं करा. ८ भाग, ४५ मिनिटं म्हणजे ६ तास, तीन सिनेमांएवढे. आणि 'लिमिटेड सिरीज' लिहिलं आहे का बघा. नसेल तर शेवट अधांतरी असण्याची शक्यता धरा, दुसरा सीझन येईलच असं नाही.

किती भागांनंतर सोडायचं यावर इथं मतभेद होतील. माझ्या मते दोन. अर्ध्या तासाच्या भागांची असेल तर तीन.

---

होटगीरोडची | सोमवार, रात्री ८:२०

दोन फार कमी झाले! गावाकडच्या संथ मालिका तिसऱ्या भागात उमलतात. शेवटी किती भागांत हात आवरायचा हे माग_आणि_धागा यांच्या भागवार आकड्यांवरून ठरवा. आकडे चढत असतील तर चार, उतरत असतील तर एक.

---

जुळे_सोलापूरकर | सोमवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. या शुक्रवारचा वार आजीचा. 'ऑडिओ'ची यादी बघून तीन तेलुगू नावं टाकतोय, एकाची लांबी १५८ मिनिटं आहे, तो मध्यंतराला थांबवायचा. मराठी सबटायटल तिन्हींपैकी एकालाही नाहीत, इंग्रजीच आहेत आणि ते लांबून बारीक दिसतात. अक्षर मोठं होतं का?

---

वायरमन | सोमवार, रात्री १०:०२

होतं. नेटफ्लिक्स असेल तर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये 'सबटायटल अपिअरन्स'. आकार 'लार्ज', अक्षर पांढरं किंवा पिवळं, मागं काळी पट्टी. ज्या प्रोफाइलवर बदललं त्याच प्रोफाइलला लागू होतं, म्हणून शुक्रवारी आजीच्याच प्रोफाइलवरून लावा. बदलल्यावर टीव्हीवरचं अॅप एकदा बंद करून उघडा.